माझ्या नावावर

रावपुऱ्याच्या वाचनालयात खातं माझ्या नावावर:
त्र्यंबक सदाशिव टिपणीस, वय वर्षे अकरा.
अप्पांनी सही केली ती मुलगा हुशार निघावा म्हणून.
पुस्तकं मथूताईची.

मी नुसता हमाल.
पिशवीत खाली पुस्तक, वर सुरती पापडी,
सुरसागराच्या काठाकाठाने घरी.
मजुरी एक रेवडी,
जाड पुस्तकाला दोन.

ती उभ्याने वाचायची. चुलीपाशी,
पुस्तक पितळी डब्याला टेकवून,
पान उलटायला करंगळी,
बाकीची बोटं पिठाची.
जहाज खडकावर आपटलं त्या पानाशी
दूध उतू गेलं.
आई म्हणाली, लक्ष कुठे असतं कार्टीचं?
लक्ष समुद्रात होतं.
मला माहीत होतं, मी बोललो नाही.
त्या दिवशी तीन रेवड्या.

मधूनच म्हणायची, "उद्या जाड आण हं. जाडातलं जाड."
मग चार दिवस ती मागच्या पडवीत,
घोंगडीवर, कुणाला न शिवता,
आणि मी पुस्तक फरशीवर ठेवून
काठीने तिच्याकडे सरकवायचा.
कागदाला विटाळ नसतो, हा निवाडा तिचाच.
कोणत्या शास्त्रात, ते काही तिने सांगितलं नाही.
फ्रान्सातली राज्यक्रांती, चंद्राची ग्रहणं, वाफेचं यंत्र,
सगळं त्या घोंगडीवर झालं.
जाडच का,
हे मला कळलं लग्नानंतर. माझ्या.

पुस्तक परत घेताना हरिवल्लभभाई
चष्म्यावरून बघत विचारायचे,
"बोल दीकरा, शेवटी काय झालं?"
म्हणून आदल्या रात्री ताई माझी तयारी करून घ्यायची,
दिवा मालवल्यावर, कुजबुजत,
राजे, वादळं, फसवलेल्या बायका.
मी अर्धा झोपेत.
सकाळी मात्र घडाघडा म्हटलं,
"जहाज बुडतं. मुलगी वाचते."
दुधाच्या डागाचा दंड अर्धा आणा झाला,
पण वर्षाअखेर उत्तम वाचकाचं बक्षीस मला:
काचेची दौत.
टाळ्या पडल्या. ताई चिकाच्या पडद्यामागे होती,
बायकांत. तिनेही वाजवल्या असतील.
घरी आल्यावर दौत तिने घेतली,
मी मागितली नाही.

सोळाव्या वर्षी, म्हणजे उशिराच, ती अमरेलीला गेली.
दौत ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत.
तिसऱ्या महिन्यात कार्ड आलं, बारीक अक्षर, कडेपर्यंत:
"इथे पुस्तक एकच, पंचांग.
तीनदा वाचले. सुरुवात बरी, मध्ये फार एकादश्या,
शेवट अमावास्येला केला आहे, तो पटला नाही.
वाण्याच्या पुड्यांचे कागद जपून ठेवते.
त्यावर बातम्या अर्ध्याच असतात.
उरलेल्या मी करते."

मी खानगी खात्यात कारकून झालो.
कचेरीत म्हणायचे, टिपणीस वाचलेला माणूस.
मी नाही म्हटलं नाही. पस्तीस वर्षं.

गेल्या आठवड्यात वाचनालयाची जुनी रजिस्टरं बाहेर काढली,
वाळवीच्या भीतीने, उन्हात.
तिथला नवा मुलगा म्हणाला, "आजोबा, हे तुम्हीच ना?
दोनशे सतरा पुस्तकं! अकराव्या वर्षापासून!"
माझं नाव खाली खाली उतरत गेलेलं,
पानामागून पान,
आणि मग एका वैशाखात एकदम थांबलेलं.
त्याने विचारलं नाही का थांबलं.

एक पुस्तक मागून घेतलं. कपाटात होतं अजून.
घरी आणलं, स्वयंपाकघरात गेलो,
उभ्यानेच उघडलं. सूनबाई बघत राहिली.
चष्मा लावूनही अक्षरं पोहत होती,
डाग सापडला मात्र. पिवळा, बशीएवढा.
नाकाशी नेला. कसलाच वास नाही.
डागाखालच्या ओळी पुसट झाल्यात, लागत नाहीत.
अडत नाही काही. शेवट मला पाठ आहे:
जहाज बुडतं.
मुलगी वाचते.